रात्रीचं शहर रंगवताना : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात चित्रकार वाचकांना ‘रात्रीचं शहर’ हा विषय दिला होता. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून पत्रं आली, सोबत चित्रांचे फोटोही आले. ते पाहताना एक गोष्ट सारखी जाणवली. दिवे बहुतेकांना जमतात, अंधार जमत नाही. रात्रीच्या चित्राचा नव्वद टक्के भाग अंधाराचा असतो आणि खरी मेहनतही तिथेच लागते. म्हणून सुरुवात अंधाराच्या प्रश्नानेच करतो. एकसारखे प्रश्न एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : ‘चार भिंती’ या उंचावरच्या ठिकाणाहून दिसणारं सातारा शहर जलरंगात केलं. आकाश आणि डोंगर दोन्हींना ट्यूबमधला काळा वापरला. वाळल्यावर चित्र कोळशाने सारवल्यासारखं दिसतंय. काळा वापरूच नये का? (शाहूपुरी, सातारा)

काळा वर्ज्य नाही. पण जलरंगाची सगळी चमक कागदावरून परत येणाऱ्या उजेडाची असते. काळ्याचा एकट्याचा दाट थर दिला की तो उजेड बंद होतो आणि तेवढा भाग भिंतीला भोक पडल्यासारखा दिसतो. शिवाय रात्रीच्या अंधाराला स्वतःचा रंग असतो. कुठे तो निळा असतो, कुठे तपकिरी, कुठे जांभळट. पिवळा दिवा उठून दिसतो तो शेजारच्या या निळ्या-जांभळ्यामुळे. नुसत्या काळ्याजवळ तोच दिवा चिकटवलेल्या कागदासारखा वाटतो.

अंधार दोन रंगांतून बनवा. अल्ट्रामरीन ब्लू 3 भाग आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) 2 भाग घेतले की जवळजवळ काळाच रंग तयार होतो, पण तो जिवंत असतो. निळा थोडा वाढवला की आकाशाचा होतो, सिएना वाढवला की डोंगराचा आणि झाडांचा. याहून गडद हवा असेल तर प्रशियन ब्लू 2 भाग, अलिझरिन क्रिम्सन 1 भाग आणि चिमूटभर बर्न्ट अंबर. मात्र प्रशियन ब्लू कागदात मुरतो. चूक झाली तर तो ओल्या ब्रशने उचलता येत नाही. नवशिक्यांनी पहिलंच मिश्रण वापरावं. ट्यूबमधला काळा ठेवायचाच असेल तर त्यात थोडा पिवळा घाला. छान काळसर हिरवा मिळतो, तो रात्रीच्या वडा-पिंपळांना शोभतो.

रंग आधी भरपूर कालवून ठेवा. 28 × 38 सेंमी कागदाला दोन वाट्यांत प्रत्येकी तीन चमचे तयार मिश्रण लागतं. अर्धं आकाश झाल्यावर वाटी रिकामी झाली आणि पुन्हा कालवायला बसलात, की तेवढ्यात कडा वाळते आणि तिथे कायमची रेघ उमटते. दाटपणा आकाशाला दुधाइतका, डोंगराला सायीइतका. जलरंग वाळल्यावर पायरी-दीड पायरी फिकट होतो, त्यामुळे ओला असताना ‘जरा जास्तच झालं’ असं वाटलं पाहिजे. अंदाज घ्यायचा तर त्याच कागदाच्या पट्टीवर एक फटकारा मारा, पूर्ण वाळू द्या आणि मग ठरवा.

तुमच्या फोटोत आणखी एक गोष्ट दिसते, आणि ती काळ्यापेक्षा मोठी आहे. आकाश आणि डोंगर सारखेच गडद आहेत. पांढऱ्या कागदाला 1 आणि सगळ्यात गडद रंगाला 10 मानलं (एक आकडा म्हणजे एक पायरी), तर शहरावरचं आकाश 7 ते 8 वर असतं. क्षितिजाजवळ शहराच्या उजेडाने ते 6 पर्यंत येतं. अजिंक्यताऱ्याचा किंवा यवतेश्वराचा उतार 9 वर, अंधारातल्या भिंती 8 वर, दिवा पडलेल्या भिंती 4 ते 5 वर आणि दिवे 1 वर. डोंगर आकाशाहून गडद ठेवला की त्याचा आकार आपोआप बोलतो, बाह्यरेषा काढावी लागत नाही.

क्रम असा ठेवा. 300 जीएसएमचा, म्हणजे जाड, कागद पाटावर चारही बाजूंनी टेपने बसवा आणि पाट 10–15 अंश उताराला लावा. आकाशाचा भाग स्वच्छ पाण्याने एकसारखा ओला करा. क्षितिजाजवळ रॉ सिएना आणि किंचित नारिंगी यांचा पातळ हात द्या. तो ओला असतानाच वरून निळसर अंधार खाली आणत या. दोन्ही जिथे भेटतात तिथे ब्रश न लावता पाट हलवून रंग मिसळू द्या. एकदा ब्रश उचलला की पुन्हा हात लावू नका. अर्धवट वाळलेल्या रंगात पाणीदार ब्रश टेकला की फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे डाग उठतात, आणि गडद वॉशमध्ये (पाणीदार रंगाच्या सलग हातात) ते झाकता येत नाहीत. पूर्ण वाळल्यावर डोंगर. तो वाळल्यावर घरं.

प्रश्न : दिव्यांसाठी मास्किंग फ्लुइड (कागद कोरा राखणारा रबराचा द्रव) लावलं. काढताना कागदाचा पापुद्रा निघाला, आणि जे दिवे राहिले ते पांढऱ्या टिकल्या चिकटवल्यासारखे दिसतात. (मिरज)

पापुद्रा निघण्याची कारणं ठरलेली असतात. कागद दमट असताना फ्लुइड लावलं, ते दोन-चार दिवस तसंच राहिलं, किंवा उन्हात नाहीतर हेअर ड्रायरने वाळवलं. उष्णतेने रबर कागदाच्या तंतूंत पक्कं बसतं. तुमच्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात चित्र गच्चीवर वाळवलं तर हे हमखास होणार. कागद कोरडा असताना लावा, सावलीत वाळू द्या, वरचा रंग पूर्ण वाळला की त्याच दिवशी काढा. बोटाने घासण्यापेक्षा वाळलेल्या फ्लुइडचाच छोटा गोळा करून त्याने उचला. ब्रश खराब होऊ नये म्हणून आधी तो ओल्या साबणावर फिरवून घ्या आणि जुनाच वापरा. बाटली हलवू नका, बुडबुडे होतात आणि त्या जागी रंग आत शिरतो.

आता टिकल्यांचं. मास्किंग काढल्यावर मिळतो तो कोरा कागद, दिवा अजून व्हायचा असतो. दिव्याचा गाभा जवळजवळ पांढरा असतो, त्याच्या कडेला रंग सगळ्यात तीव्र असतो, आणि बाहेर जाताना तो गडद होत अंधारात विरतो. म्हणून गाभा तसाच ठेवून कडेवर ओल्या ब्रशने पिवळा, त्याबाहेर नारिंगी, त्याबाहेर बर्न्ट सिएना असं विरघळवत न्या. सिएनाची पायरी गाळू नका. पिवळा थेट अल्ट्रामरीनला भिडला की मधे हिरवं वर्तुळ तयार होतं. आलेल्या चित्रांपैकी बऱ्याच चित्रांत ते आहे.

सगळे दिवे सारख्या आकाराचे करणं ही दुसरी चूक. 28 × 38 च्या कागदावर जवळचा रस्त्याचा दिवा 2–3 मिलिमीटर, मधल्या अंतरावरचे 1 मिलिमीटर, आणि लांबच्या वस्तीतले सुईच्या टोकाएवढे, तेही एकमेकांना खेटून पट्ट्यांत. उंचावरून पाहताना लांबची वस्ती दबून आडव्या रेघांसारखी दिसते. हे लांबचे दिवे मास्किंगने करू नका. चित्र पूर्ण वाळल्यावर धारदार ब्लेडच्या टोकाने कागद किंचित टोकरा, किंवा पांढऱ्या पोस्टर कलरमध्ये पिवळ्याचा कण मिसळून बारीक ब्रशने ठिपके द्या. पोस्टर कलर दाट घ्या आणि एकाच टेकवणीत सोडा. घोळवत बसलात तर खालचा निळा विरघळून ठिपका राखाडी होतो. प्रभामंडळ सगळ्या दिव्यांना देऊ नका. चित्रात तीन-चार दिव्यांना पुरे.

प्रश्न : आयर्विन पुलाजवळ कृष्णेच्या पाण्यात पडणारी दिव्यांची प्रतिबिंबं जमत नाहीत. कधी ती पाण्यावर तरंगणाऱ्या काठ्या वाटतात, कधी नुसते डाग. (सांगली)

इथे आधी नियम आणि मग ब्रश.

पहिला नियम : प्रतिबिंब दिव्याच्या बरोबर खाली, उभं येतं. दिवे पुलावर ओळीने तिरके दूर जात असले तरी प्रत्येकाची पट्टी कागदाच्या उभ्या कडेला समांतर असते. तिरकी पट्टी काढली की पाणी उतारावर वाहतंय असं वाटतं. पेन्सिलने प्रत्येक दिव्याखाली हलकी लंबरेषा मारून घ्या.

दुसरा : दिवा पाण्याच्या रेषेपासून कागदावर 3 सेंटिमीटर वर असेल, तर त्याचं प्रतिबिंब साधारण 3 सेंटिमीटर खाली. पाणी आरशासारखं स्थिर असेल तर तिथे नुसता दिवा दिसतो. लाटा असतील तर प्रत्येक लाटेचा उतार थोडाथोडा उजेड तुमच्याकडे वळवतो आणि त्या ठिकाणाच्या वर-खाली लांब पट्टी तयार होते. सगळ्यात उजळ भाग त्या 3 सेंटिमीटरच्या आसपास असतो. बहुतेक जण पट्टी काठाला चिकटवून तिथेच सगळ्यात उजळ करतात, म्हणून ती काठीसारखी दिसते.

तिसरा : प्रतिबिंब मूळ दिव्याहून एक पायरी गडद. पांढरा दिवा असेल तर पट्टी फिकट पिवळसर-राखाडी धरा. उलट अंधाऱ्या वस्तूचं, म्हणजे पुलाच्या खांबांचं वगैरे, प्रतिबिंब खांबाहून किंचित फिकट. या एका पायरीने पाणी हे पाणी वाटतं.

तुम्ही कुठे उभे आहात यावरही बरंच ठरतं. घाटाच्या पायरीवर, डोळे पाण्याच्या जवळ असतील तर पट्ट्या अरुंद आणि लांब दिसतात. पुलावरून खाली पाहिलं तर त्या आखूड आणि पसरट होतात, आणि पायाजवळच्या पाण्यात प्रतिबिंबापेक्षा पाण्याचा स्वतःचा रंग जास्त दिसतो. पावसाळ्यात तो गढूळ तांबूस असतो, तेव्हा खालच्या कोपऱ्यात निळा न देता बर्न्ट अंबर द्या. पावसाळ्यात घाटावर बसण्याआधी पाण्याची पातळी मात्र पाहा. आयर्विन पुलाजवळची इशारा पातळी 40 फूट आणि धोका पातळी 45 फूट आहे, आणि घाटाच्या पायऱ्या त्याच्या कितीतरी आधी पाण्याखाली जातात.

आता हात कसा चालवायचा ते. पाण्याचा सगळा भाग अल्ट्रामरीन आणि सिएनाच्या मिश्रणाने भरा. ओलसर चमक जाऊन कागद मंद दिसायला लागला की 6 मिलिमीटरचा चपटा ब्रश पाण्यात बुडवून फडक्यावर घट्ट पिळा आणि लंबरेषेवरून वरून खाली एकदाच ओढा. रंग उचलला जाईल. ब्रश प्रत्येक वेळी धुऊन पिळा, नाहीतर उचललेला रंग पुन्हा तिथेच बसतो. चमक असताना ओढलं तर पट्टी पुन्हा भरून येते. पूर्ण वाळल्यावर ओढलं तर कागद खवखवतो. नेमकी वेळ साधारण एका मिनिटाची असते, आणि ती कोरड्या कागदाच्या तुकड्यांवर सरावानेच हाताला कळते. उचललेल्या पट्टीत वरच्या बाजूला पिवळा आणि खाली नारिंगी हलका सोडा. वाळल्यावर बारीक ब्रशने गडद आडव्या रेघा देऊन पट्टी ठिकठिकाणी तोडा. रेघा काठाजवळ बारीक आणि दाट, तुमच्याकडे येताना जाड आणि विरळ. पट्टी तुटल्याशिवाय पाणी हलत नाही.

व्हॅन गॉगने 1888 मध्ये फ्रान्समधल्या आर्ल्समध्ये ऱ्होन नदीकाठची रात्र रंगवली. त्या तैलचित्रात काठावरच्या गॅसच्या दिव्यांच्या पट्ट्या नीट पाहा. एकही तिरकी नाही, आणि प्रत्येक पट्टी आडव्या फटकाऱ्यांनीच बांधलेली आहे.

प्रश्न : आमच्या गल्लीत एक पिवळा जुना दिवा आणि बाकी नवे पांढरे दिवे आहेत. दोन्ही एकाच चित्रात कसे दाखवायचे? (विश्रामबाग, सांगली)

हा फार चांगला विषय आहे, आणि तो लवकर उरकला पाहिजे, कारण जुने दिवे झपाट्याने जात आहेत. जुना पिवळा म्हणजे सोडियम व्हेपर. त्याच्या उजेडात जवळजवळ फक्त पिवळा-नारिंगी भागच असतो, म्हणून त्याखाली लाल स्कूटर विटकरी दिसते, निळं शटर काळपट दिसतं, आणि माणसांच्या कपड्यांचे रंग ओळखू येत नाहीत. तिथे वस्तूंचे खरे रंग भरू नका. पिवळा, नारिंगी, तपकिरी एवढ्यातच सगळं बसवा. तिथल्या सावल्या डोळ्याला निळसर-जांभळ्या भासतात, त्या तशा द्या.

पांढऱ्या एलईडीखाली वस्तूंचे रंग बऱ्यापैकी खरे दिसतात. त्याचा गाभा कोरा कागद, भोवती कोबाल्ट ब्लूचा अगदी पातळ हात. कागदाचा पांढरा थंड की उबदार हे शेजारी ठरवतो. बाजूला घराच्या खिडकीतला पिवळा उजेड ठेवला की तोच कागद निळसर दिसायला लागतो. दोन्ही दिवे समसमान मोठे केले तर चित्र दुभंगतं. एक मुख्य, दुसरा कोपऱ्यात.

प्रश्न : रात्री जागेवर बसून रंगवायचं आहे. कोणता दिवा वापरावा? घरी आल्यावर चित्र ठरवल्यापेक्षा फार काळं निघतं. (कराड)

काळं निघण्याचं कारण तुमचा दिवाच आहे. कागदावर झगझगीत उजेड असला की ओतलेला प्रत्येक रंग फिकट वाटतो, मग हात आणखी गडद घालत जातो. घरच्या साध्या उजेडात तेच चित्र बुडालेलं दिसतं. उलट उजेड फारच कमी असेल तर पॅलेटवरचे निळा आणि जांभळा वेगळे कळत नाहीत.

क्लिपचा, 2–3 वॅटचा एलईडी घ्या, पॉवर बँकेवर चालणारा. उजेडाचा रंग 4000 केल्विनच्या आसपास आणि सीआरआय (त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) 90 च्या वर असावा. हे आकडे सहसा खोक्यावर छापलेले असतात. तो कागदापासून अर्धा-पाऊण मीटरवर लावा, कागद आणि पॅलेट दोन्हींवर एकाच दिव्याचा सारखा उजेड पडू द्या. बाजूंनी काळ्या कार्डशीटची झापड करा, म्हणजे उजेड थेट डोळ्यात येणार नाही. डोक्याला बांधायचा दिवा नको. मान हलली की उजेड हलतो आणि ओल्या रंगावर चकाकतो. आकाश पाहणारे वापरतात तो लाल दिवाही नको, त्यात पॅलेटवरचा लाल आणि कागदाचा पांढरा सारखेच दिसतात.

अंधाराला डोळा पूर्ण सरावायला 20 ते 30 मिनिटं लागतात. तोवर नुसतं पाहा. सरावलेल्या डोळ्याला लाल लवकर काळा दिसतो आणि निळा-हिरवा जास्त वेळ टिकतो. तिन्हीसांजेला अंगणातली जास्वंद बघा. फूल पानांच्या आधी काळं पडतं. पुर्किंये या चेक शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात हे नोंदवलं, आणि रात्रीच्या चित्रात निळ्याचं राज्य का असतं त्याचं उत्तर यात आहे. डोळा सरावत असताना मोबाइल उघडला तर मेहनत वाया जाते.

नदीकाठी किंवा यवतेश्वर घाटात थंडीच्या दिवसांत नऊनंतर दव पडतं आणि वॉश तासभर वाळत नाही. तिथे जलरंगाचा हट्ट धरू नका. राखाडी कागदावर काळी आणि पांढरी पेन्सिल घेऊन फक्त गडद-फिकट टिपा, रंगांची नावं कडेला लिहा आणि सकाळी घरी रंगवा. व्हिसलर या अमेरिकन चित्रकाराने 1870 च्या दशकात लंडनच्या थेम्स नदीच्या रात्री अशाच केल्या. नदीवर जाऊन दृश्य डोळ्यात भरून घ्यायचं आणि स्टुडिओत आठवणीतून रंगवायचं. आठवणीत फापटपसारा गळून जातो, म्हणून ही पद्धत आम्हाला जागेवरच्या धडपडीपेक्षाही सरस वाटते.

प्रश्न : मोबाइलवर काढलेल्या फोटोवरून रंगवलं तर चालेल का? (वाई)

चालेल, पण एका फोटोवरून नाही. मोबाइलचा नाइट मोड अंधार उजळवून रात्रीची संध्याकाळ करतो आणि दिवे पांढरे फटक जाळून टाकतो. नाइट मोड बंद करा, मोबाइल कठड्यावर टेकवा. एक फोटो दिव्यावर बोट दाबून उजेड कमी करून घ्या, त्यात दिव्यांचे खरे रंग मिळतील. दुसरा अंधारावर बोट दाबून, त्यात इमारतींचे आकार. व्हाइट बॅलन्स ऑटोवर न ठेवता ‘डेलाइट’वर ठेवा. ऑटोवर सोडियमचा पिवळा पुसला जातो. आणि दोन्ही फोटो समोर असले तरी अंधार किती गडद होता, हे त्या रात्री कागदावर लिहून ठेवलेल्या 1 ते 10 च्या आकड्यांवरूनच ठरवा.

प्रश्न : राजवाड्यासमोरच्या हातगाडीचं चित्र करतेय, भुर्जीची गाडी. गाडीवाल्या काकांचा चेहरा मातीच्या पुतळ्यासारखा दिसतो. (यादोगोपाळ पेठ, सातारा)

चेहऱ्याला तुम्ही दोन्ही बाजूंनी उजेड दिला आहे, दिवसाच्या सवयीने. गाडीवर उजेड एकाच दिव्याचा असतो, आणि तो वरून, समोरून, अगदी जवळून येतो. तो कुठे कुठे पडतो ते एकदा वरून खाली पाहत या. छत्रीचा किंवा ताडपत्रीचा आतला भाग सगळ्यात आधी उजळतो आणि स्वतःचा रंग खाली टाकतो. ताडपत्री निळी असेल तर काकांच्या खांद्यावर निळी झाक येते. मग कपाळ, नाकाचा शेंडा, गालाची हाडं. डोळ्यांच्या खोबणी अंधारात जातात, तिथे डोळे रेखू नका, एक गडद ठिपका पुरे. हनुवटीच्या खालून मात्र हलका उबदार उजेड येतो, तो तव्याच्या घासलेल्या कडेवरून आणि स्टीलच्या डब्यांवरून परतलेला. हनुवटीखालचा हा एक फटकारा दिला की पुतळ्याचा माणूस होतो. नंतर उलथनं धरलेलं मनगट आणि पाटीवर चिरलेला कांदा. तो कांदा दिव्यानंतरचा दुसरा उजळ भाग आहे, त्याला कोरा कागद सोडा.

अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई होतो. दिव्यापासून अर्ध्या मीटरवरच्या हातावर जेवढा उजेड, त्याचा सोळावा भाग दोन मीटरवरच्या गिऱ्हाइकावर. डोळा एवढा फरक दाखवत नाही, तरी गिऱ्हाईक हातापेक्षा तीन पायऱ्या गडद हवाच. तुमच्या चित्रात दोघं सारखे उजळ आहेत, म्हणून गाडी रात्रीची वाटत नाही.

वाफ फक्त गडद पार्श्वभूमीवर आणि उजेड लागला तरच दिसते. उजळ भिंतीसमोर ती नाहीशी होते. मागचा अंधार पूर्ण वाळल्यावर स्वच्छ ओल्या ब्रशने वाफेचा आकार फिरवा, अर्धं मिनिट थांबा, टिश्यूने टिपून घ्या. पांढरा रंग लावला तर वाफेचा कापूस होतो.

उजेडात धरलेला हात कसा दिसतो ते पाहायचं असेल तर सावळाराम हळदणकरांचं दिवा घेतलेल्या स्त्रीचं जलरंगातलं चित्र छापील स्वरूपात तरी जवळ ठेवा. मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. ज्योतीच्या आड धरलेल्या बोटांमधून झिरपणारा तांबूस उजेड तिथे पाहा. उजेडाच्या कडेला रंग सगळ्यात तीव्र असतो हे वर लिहिलं, त्याचा याहून चांगला दाखला आमच्या माहितीत नाही.

प्रश्न : पावसातला पोवई नाका, गाड्यांच्या दिव्यांसकट करायचा आहे. काय सांभाळावं? (सातारा)

ओल्या रस्त्याला नदीचेच नियम. फक्त डांबर खडबडीत असल्याने पट्ट्या जास्त लांब आणि धूसर होतात, आणि जिथे पाणी साचलंय तिथे एकदम स्पष्ट. रस्ता कोरडा असेल त्यापेक्षा ओला असताना दिव्यांच्या मधला भाग अधिक गडद दिसतो. तो 9 पर्यंत न्यायला घाबरू नका.

एक चूक परदेशी चित्रं समोर ठेवल्यामुळे होते. आपल्याकडे वाहनं डावीकडून चालतात. रस्त्याकडे तोंड करून उभं राहिलं तर पुढे जाणाऱ्या गाड्यांचे लाल दिवे डावीकडे आणि समोरून येणारे पांढरे उजवीकडे दिसले पाहिजेत. हे उलटं झालं की सातारकराला चित्रात काहीतरी चुकलंय एवढं नक्की कळतं. लाल दिव्याला शुद्ध लाल देऊ नका. गाभा फिकट नारिंगी, कडा लाल, म्हणजे तो पेटलेला दिसतो. समोरून येणाऱ्या हेडलाइटच्या मागची गाडी दिसत नाही, ती काढायचीही नाही.

प्रश्न : तैलरंगातल्या रात्रीच्या चित्रात गडद भाग काही ठिकाणी चकचकीत आणि काही ठिकाणी खडूसारखे मंद झाले आहेत. (इस्लामपूर)

कॅनव्हासने किंवा खालच्या थराने रंगातलं तेल शोषून घेतलं. गडद रंग टर्पेंटाइनने फार पातळ केला की हे जास्त होतं, आणि गडदातच ते डोळ्यांवर येतं. चित्र हाताला पूर्ण कोरडं लागत असेल तर जवसाचं तेल आणि टर्पेंटाइन समसमान घेऊन मऊ कापडाने मंद भागावर अगदी पातळ चोळा, दहा मिनिटांनी कोरड्या कापडाने पुसून घ्या. रंगाची खोली परत येईल, आणि त्यावर लगेच कामही करता येतं. तेल पुसायचं राहिलं तर पुढे पिवळेपणा येतो.

खालच्या थरात आयव्हरी ब्लॅक किंवा अलिझरिन दाट लावू नका. दोन्ही फार सावकाश वाळतात आणि वरचा लवकर वाळणारा थर तडकतो. खालचा अंधार बर्न्ट अंबर आणि अल्ट्रामरीनचा, पातळ. अंबर लवकर वाळतो. दिव्यांचे रंग शेवटी, जाड. व्हार्निश चित्र पातळ असेल तर सहा महिन्यांनी, जाड असेल तर वर्षाने. सातारा जिल्ह्यातल्या औंधच्या श्रीभवानी संग्रहालयात राजा रविवर्मा आणि धुरंधरांची तैलचित्रं आहेत. गेलात तर एका बाजूला उभं राहून तिरक्या नजरेने गडद पार्श्वभूमी पाहा. थर कुठे पातळ आणि कुठे जाड हे त्या कोनातून कळतं.

प्रश्न : अजिंक्यताऱ्यावर पौर्णिमेचा चंद्र दाखवायचा आहे. केवढा काढावा? (सदर बझार, सातारा)

हात लांब करून बोटांत तुरीचा दाणा धरला तर चंद्र त्याच्या मागे झाकतो. प्रत्यक्षात तो एवढाच, अर्ध्या अंशाचा असतो. कागद जिथे धरून चित्र पाहणार त्या हिशेबाने काढा. सहसा 5–6 मिलिमीटरच्या वर जाऊ नका.

जागाही तपासा. किल्ला शहराच्या दक्षिणेला आहे आणि पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास पूर्वेला उगवतो. मध्यरात्री तो दक्षिणेला येतो, पण तेव्हा मे-जूनच्या पौर्णिमेलाही आकाशात साधारण अर्ध्यावर चढलेला असतो आणि हिवाळ्यात जवळजवळ डोक्यावर. शहरातून पाहताना तो किल्ल्याच्या माथ्याला टेकलेला दिसत नाही. किल्ला आणि चंद्र दोन्ही हवे असतील तर कागद उभा घ्या, किल्ला खालच्या चौथाईत ठेवा. किंवा चंद्र चौकटीबाहेर ठेवून त्याचा उजेड फक्त तटबंदीच्या वरच्या कडेवर द्या, कोबाल्ट ब्लू आणि बर्न्ट सिएनाच्या फिकट राखाडीत, शहरातल्या दिव्यांहून दोन पायऱ्या मंद.